हार्लनच्या रक्तातली बाई

ग्रँड मनान बेट,
१० फेब्रुवारी २००३

तिसऱ्यांदा सुई टोचली त्याला. तिसऱ्यांदा! माणूस आहे की सुया खोचायची उशी? आणि कारण काय, तर हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेचं म्हणणं आहे की हे रक्त हार्लनचं नाहीच. अगं, त्याच्याच दंडातून निघालं, बेव्ह नर्सने माझ्या डोळ्यांदेखत काढलं, नळीवर नाव चिकटवलं, चिकटवताना चष्मासुद्धा घातला होता. मग ते कुणाचं असणार, माझ्या मांजरीचं?

हे आधी बोलून घेतलं. आता विचारते, कोरीन, कशी आहेस? मी बरी आहे.

तर ती प्रयोगशाळा तुझीच ना? तूच ना तिथे दिवसभर अंधारात बसून लोकांचं रक्त बघतेस? मग जरा तुझ्या मामाचंही बघ. गेल्या मे महिन्यात तुमच्या हॅलिफॅक्सला खाट रिकामी नव्हती म्हणून त्याला मॉन्ट्रियलला नेला, दुसऱ्याच्या हाडातला मगज त्याच्या अंगात घातला, आणि म्हणाले, आता रक्ताचा कर्करोग गेला. उन्हाळाभर बरा होता. आता पुन्हा तोंड मेणासारखं झालंय. जिना चढताना मध्येच बसतो, आणि दमलो हे कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधल्यासारखं करतो. रबरी बूट आहेत त्याचे. नाडी कुठली?

डॉक्टरांचं म्हणणं असं की त्या नव्या रक्ताला दाबून ठेवायच्या गोळ्या तो घेतोय, त्या कमी करायच्या की तशाच ठेवायच्या, हे तुमचं उत्तर आल्याशिवाय ठरवता येत नाही. आजार परत आला असेल तर कमी करायच्या, म्हणजे नवं रक्त आजाराशी भांडेल. नसेल आला आणि कमी केल्या, तर ते रक्तच त्याच्या अंगाशी भांडायला उठेल. म्हणजे माझा मुलगा तुमच्या एका कागदासाठी टांगून ठेवलाय.

फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी भलतंच ऐकते. लिही, आणि मोठ्या अक्षरात.

तुझी आजी
ड्रुसिला


हॅलिफॅक्स, १९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

मला नोकरीवरून काढायचा विचार आहे का तुझा? कुणाचं रक्त आलं, त्यात काय दिसलं, हे मी बाहेर एका शब्दाने सांगू शकत नाही. नातेवाइकाच्या रक्ताच्या काचा तर मला बघायलाही मनाई आहे; त्या शेजारच्या टेबलावर जातात आणि मी त्या बाजूला मान वळवत नाही. हे नियम मी केलेले नाहीत. तेव्हा मामाबद्दल एक अक्षर विचारू नकोस.

मी काय काम करते ते मात्र सांगता येतं, कारण ते कुठल्याही पुस्तकात आहे.

प्रत्येक पेशीच्या पोटात गुणसूत्रं असतात, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी. आम्ही एक रंगीत खूण बनवलेली असते, ती फक्त एकाच प्रकारच्या तुकड्याला जाऊन चिकटते, दुसऱ्याला नाही. काच गरम करायची, दोऱ्याचे पदर सुटतात, खूण आत शिरते, मग निववायचं, धुवायचं. पुढे सगळं अंधारात, कारण उजेडात ती खूण विटते. सूक्ष्मदर्शकाखाली खास दिवा लावला की ठिपके चमकतात. पलीकडच्या टेबलावरचे लोक याच युक्तीने तापकऱ्याच्या रक्तात कुठला जंतू आहे ते ओळखतात. त्यांचे जंतू हिरवे किंवा लाल, आमची गुणसूत्रं हिरवी किंवा लाल.

आता नुसतं समज, एखादा माणूस आहे. पुरुष आहे. पुरुषाच्या प्रत्येक पेशीत एक लाल ठिपका आणि एक हिरवा. बाईच्या पेशीत दोन्ही लाल. हिरवा बाईकडे नसतोच. या माणसाला मगज दिला तोही पुरुषानेच, असं दवाखान्याने आम्हाला कळवलंय. मग काचेवर काय दिसायला हवं? लाल-हिरवा, लाल-हिरवा. आणि दिसले सगळीकडे लाल-लाल, तर आम्ही काय समजणार? कुणा बाईची नळी आली. चहाचा कप एका हातात घेऊन कुणीतरी चिठ्ठ्या चिकटवल्या. मग काच बाजूला ठेवायची आणि नवीन रक्त मागवायचं. दुसरं काय करणार?

आई बरी आहे, ससेक्सला शाळेची बस चालवतेय. कंबर मात्र थंडीत अजून धरते. गेल्या मेमध्ये चर्चच्या बायकांबरोबर मॉन्ट्रियल बघायला गेली होती, तेव्हापासूनचं आहे हे. बसमध्ये बसून बसून धरली म्हणते. तिकडे मामाला भेटलीस का, असं विचारलं तर तिने दार आपटलं. अकरा वर्षं झाली, अजून त्याचं नाव काढू देत नाही.

तुझी
कोरीन


ग्रँड मनान, २८ फेब्रुवारी

एवढी पानं लिहिलीस आणि सांगितलं काय, तर काही सांगता येत नाही! हे एका ओळीत मावलं असतं. वाऱ्यामुळे फेरीबोट चार दिवस बंद होती, पाचव्या दिवशी तुझं पाकीट आलं. चष्मा पुसून बसले, आणि आत गुणसूत्रं.

पण तुझं काम कळलं मला. सरळ सांगायचं की, बोये आहेत म्हणून. इथे प्रत्येकाच्या बोयाचा रंग ठरलेला, आपला रंग दुसऱ्याने लावला तर हाणामारी होते. खाली तळाशी शेवंडांचा पिंजरा कुणाचा आहे ते दिसत नाही, पण वर बोया तरंगतो, लांबूनच कळतं, हा एल्डनचा, हा आपला. तुम्ही रक्तातल्या पिंजऱ्यांना बोये बांधता. झालं. त्यासाठी तुला एवढी वर्षं शिकावं लागलं?

आता मीही तुला नुसतं समज म्हणून सांगते. मी कुणाचं नाव घेत नाही, मला दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या शपथा घातल्या आहेत आणि दोघं माझ्याच पोटची आहेत.

समज, एखादा माणूस आहे. त्याच्या बापाच्या बोटीवर मागच्या बाजूला उभी राहून त्याची बहीण नऊ मोसम पिंजरे ओढत होती. बापापेक्षा हात चलाख. बाप गेला, बोट या माणसाकडे आली. पहिल्याच दिवशी धक्क्यावर, सगळ्यांसमोर, बहिणीला म्हणाला, "तू उतर. माझ्या बोटीवर बाई नको, बाईने अपशकुन होतो." ती उतरली. फेरीबोटीत चढली, पलीकडे गेली, तिथे तिचा संसार होताच, बोटीवर मोसमापुरती यायची, आता तिथेच राहिली. या बेटावर पुन्हा पाय ठेवला नाही.

समज, पुढे हा माणूस आजारी पडला. आणि समज, मॉन्ट्रियलमध्ये एका इस्पितळात एक चौथ्या मजल्यावर होतं आणि दुसरं सातव्या. एकमेकांचं तोंड बघितलं नाही. एक म्हातारी आठवडाभर लिफ्टमधून वरखाली करत होती. तिथे जेवणात वाटाण्याचं सूप होतं, तेवढं चांगलं होतं.

घरी आल्यावर धक्क्यावरच्या लोकांनी विचारलं, कुणाचा मगज घेतलास? तर हा म्हणाला, पश्चिमेकडच्या एका लाकूडतोड्याचा, सहा फूट उंच. उन्हाळाभर त्या लाकूडतोड्याचं कौतुक झालं. एल्डन तर म्हणाला, "आता झाडं पाडायला लाग!" मग जानेवारीत बेव्हने दवाखान्यात विचारलं, देणारा पुरुष की बाई? बेव्हचा आवाज तुला माहीत आहे, धुक्यातला भोंगा. बाकावर एल्डन खोकला दाखवायला बसलेला. तिथे हा काय सांगणार?

तर आता तू एवढंच सांग. मी फक्त विचारते. एखाद्या पुरुषाला एखाद्या बाईने मगज दिला असेल, तर तुझ्या काचेवर काय दिसतं?

ड्रुसिला

समुद्रातलं डल्स शेवाळ वाळवून ठेवलंय, पुडी सोबत आहे. कुरकुरीत असतानाच खा, नाहीतर मग मला नावं ठेवशील.


हॅलिफॅक्स, ६ मार्च

आजी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं. जेवण राहिलं.

म्हणजे आईची कंबर! दहा महिने मी दर सुट्टीला ससेक्सला जाऊन तिला गरम पाण्याच्या पिशव्या देतेय, आणि त्या चर्चच्या बायकांवर चिडतेय की इतकी भंगार बस का ठरवली. तिथूनच काढतात तो मगज, कमरेच्या हाडातून. हे मला रोज कामावर दिसतं आणि घरात दिसलं नाही. तुझ्यावरही चिडले आहे, पण त्याला आत्ता वेळ नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, पुन्हा 'एखाद्या माणसाचं'.

बाईने दिला असेल तर लाल-लाल दिसायलाच हवं. ती चूक नव्हे, तीच तर चांगली बातमी. नवं रक्त रुजलं. आणि त्यात मधूनमधून लाल-हिरवा दिसला, तर ती त्याची स्वतःची जुनी पेशी, परत आलेली. तो हिरवा ठिपका म्हणजेच तुझ्या भाषेत परक्या रंगाचा बोया, आपल्या पाण्यात घुसलेला. देणारा पुरुष असता तर आम्हाला आपला कुठला आणि परका कुठला, हे या खुणेने कधीच कळलं नसतं. बाईने दिला म्हणूनच कळतं. आणि नेमकं तेच त्या माणसाने लपवलंय! ज्या काचांवरून उत्तर मिळालं असतं त्या आम्ही 'नळी बदलली' म्हणून बाजूला सारतोय. मॉन्ट्रियलकडे विचारणा गेली आहे, ते म्हणतात लेखी पाठवा, मग बघू.

मी उठून शेजारच्या टेबलावर जाऊन हे सांगू शकत नाही. मला कसं कळलं म्हणून सांगू, आजीने डल्सच्या पुडीबरोबर पाठवलं म्हणून? त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगायला हवं. आजच. उद्या नाही. लाल-हिरवे असतील तर ते तिथे नुसते बसून राहणार नाहीत, वाढतील.

लाकूडतोड्या म्हणे!

कोरीन


ग्रँड मनान, १८ मार्च

या घरात एकाही माणसाला सरळ बोलता येत नाही, आणि त्यासाठी धावपळ कुणाची, तर गुडघे गेलेल्या बाईची!

तुझं पत्र आलं तसा कोट चढवला आणि रस्ता ओलांडून हार्लनकडे गेले. तो खिडकीशी बसून बोये रंगवत होता. बोटीवर जाता येत नाही पण बोये रंगवतो, बापाचेच रंग, वर पांढरा आणि खाली नारिंगी. मी म्हटलं, "बेव्हकडे चल. खरं सांगून ये."

"काय खरं?"

"तुझ्या अंगात कोण आहे ते."

तो ब्रश चालवत राहिला. "तू कुणाला सांगितलंस?"

"मी कुणाला सांगितलं नाही. तुझं रक्तच सांगतंय. तिकडे हॅलिफॅक्सला दिवा लावला की दिसतं, हा पुरुष आतून बाई आहे. तीनदा दिसलं. आणि ते बिचारे तुझ्यावर विश्वास ठेवून तीनदा काच बाजूला ठेवतायत."

"आई, एल्डनला कळलं तर..."

"एल्डन तुझ्या मयताला येईल आणि माझ्या हातचे सँडविच खाऊन जाईल. तेवढाच एल्डनचा उपयोग. ऊठ."

"नाही जमणार."

मग मी त्याचा रंगाचा डबा उचलला आणि म्हटलं, ठीक आहे, मी धक्क्यावर जाऊन सांगते, सगळ्यांना एकदमच, म्हणजे परत परत नको. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझे कान गेलेत, पण तो आवाज आला.

दवाखान्यात बाकावर कोण? एल्डन. त्याचा खोकला हा जन्मभराचा धंदा आहे. बेव्ह म्हणाली, "बोल हार्लन." हार्लन पुटपुटला. बेव्ह म्हणाली, "मोठ्याने बोल!" तो पुन्हा पुटपुटला. मग बेव्हनेच भोंगा वाजवला, "बहिणीने दिला? मर्टलने?"

एल्डनचा खोकला थांबला. मग तो म्हणाला, "हार्लन, म्हणजे आता तुलाच तुझ्या बोटीवर चढता येणार नाही की रे."

हार्लन कानापर्यंत लाल झाला. कित्येक दिवसांनी तोंडावर रंग बघितला मी त्याच्या. आणि मग, कोरीन, तो हसला. फार नाही. पण दात दिसले.

हे झालं गेल्या सोमवारी. काल डॉक्टरांचा फोन आला, हार्लनने ऐकून मला ओरडून सांगितलं. त्याच जुन्या काचा परत बघितल्या तुमच्या लोकांनी. बहुतेक लाल-लाल. पण मध्ये मध्ये लाल-हिरवे आहेत. म्हणजे तो मेला आजार दारात आलाय, अजून आत शिरला नाही. गोळ्या आजपासून कमी केल्या. आणि डॉक्टर म्हणतात, जिने मगज दिला तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा हव्यात, लवकर. त्या जाऊन जुन्यांना हाकलतील. मर्टल हाकलण्यात पटाईत आहे, बोटीवर समुद्रपक्ष्यांना आमिषाजवळ फिरकू द्यायची नाही.

मी हार्लनला म्हटलं, विचार तिला. म्हणतो, "एकदा घेतलं, तेही न बोलता. आता कुठल्या तोंडाने मागू?" मी म्हटलं, देवाने दिलंय त्या एकाच. तर उठून आत गेला.

तू मर्टलला विचार. तू तिची मुलगी आहेस. तुझ्यावर दार आपटलं तर तू तरणी आहेस, मागे सरशील.

ड्रुसिला


ससेक्स, २६ मार्च

आजी,

हे आईच्या घरूनच लिहितेय. दार आपटलं. मी मागे सरले.

शाळेच्या बसमधून ती उतरली तिथेच गाठलं. म्हटलं, "मला सगळं माहीत आहे." ती म्हणाली, "मग मला सांगायची गरज नाही, बरं झालं." आणि बस झाडायला लागली. सीटखालून एक लहानसा मोजा काढला, खिशात टाकला, जसं काही आपण हवापाण्यावर बोलतोय.

मी म्हटलं, "आई, तुझ्या पेशी हव्या आहेत. फक्त दंडातून, सुईने. कमरेला हात लावणार नाहीत."

"कुणी मागितल्या?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर काही माझा भाऊ नाही. मागच्या वेळी कुणी मागितलं होतं?"

"आजीने."

"बरोबर. आजीने. नंतर गेल्या मेपासून आजपर्यंत त्याच्याकडून काय आलं? कार्ड आलं? फोन आला? लाकूडतोड्या आला!" आणि तिने झाडू असा आपटला की धुळीने मला शिंका आल्या. लाकूडतोड्याचं मी तिला सांगायला नको होतं, ती माझी चूक. "सहा फूट उंच म्हणे. मी पाच फूट दोन इंच आहे. त्याला सांग, पाच फूट दोन इंचाने दिलंय, आणि परत हवं असेल तर त्याने मागायचं. स्वतः. लिहून. आईने नाही, तू नाही, डॉक्टरने नाही."

"आणि त्याने नाही लिहिलं तर?"

तिने बसचं दार लावलं. घरी येऊन बटाटे सोलायला लागली, सोलता सोलता अर्धा बटाटा सालात गेला.

आजी, मी कंटाळले आहे तुम्हा सगळ्यांना. काचेवरच्या पेशी बऱ्या, ज्या रंगाच्या असतील त्या रंगाच्या दिसतात तरी. पण एक सांगते. रात्रीचं अंथरूण घ्यायला कपाट उघडलं, तर आत तिची छोटी बॅग भरून ठेवलेली. दात घासायचा ब्रश, रात्रीचा झगा, लोकरीची टोपी. किती दिवसांपासून भरून ठेवली आहे कुणास ठाऊक. मी कपाट बंद केलं आणि काही बघितलं नाही असं दाखवलं.

हे हार्लनमामाला सांगू नकोस. सांगितलंस तर तो लिहिणार नाही, आणि तो लिहिणार नाही तर ती ती बॅग उचलणार नाही.

कोरीन


ग्रँड मनान, २ एप्रिल

एक कागद लिहायला दोन दिवस! दोन दिवस हा बाबा माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसला होता, माझं डोकं खाल्लं, आणि कागदावर काय, तर 'प्रिय मर्टल' आणि शाईचा डाग. त्याच्याच्याने होत नाही म्हणून मी म्हटलं, मी सांगते तू लिही. तर म्हणतो, नाही, तिने म्हटलंय स्वतः. बघ, कधी नव्हे ते ऐकलं, तेही उशिरा.

बॅगेचं मी सांगितलं नाही. जीभ चावून चावून सुजली आहे.

त्याचा कागद यातच घातला आहे, घडी घालून. मी वाचला नाही. चिकटवायच्या आधी उजेडात धरला होता, तेवढंच. तुला तो उघडायचा अधिकार नाही, पण तू मर्टलच्या हातात देताना वाकून बघशीलच, म्हणून आधीच सांगते काय आहे ते:

'मर्टल, डॉक्टर म्हणतात अजून लागेल. तुझंच लागेल. दुसऱ्याचं चालत नाही, आणि मला नकोही. मी मागतोय. त्या दिवशी धक्क्यावर बोललो ते सगळ्यांसमोर बोललो होतो, आता तिथेच जाऊन सगळ्यांसमोर परत घेतलं आहे, एल्डनला विचार. नोव्हेंबरात मोसम सुरू होईल. मी असलो तर मला मागच्या बाजूला माणूस लागेल. बाई चालेल. हार्लन.'

'बाई चालेल!' मी म्हटलं, हे खोड, मेल्या. 'तू हवीस' असं लिही. त्याने 'बाई चालेल' खोडलं, बराच वेळ पेन धरून बसला, आणि मग काही न लिहिता उठून गेला. आता तिथे नुसती खोडलेली रेघ आहे. मर्टलला सांग, त्या रेघेखाली काय आहे ते नीट बघ, आणि वर काय लिहायचं राहिलं तेही तुला कळेल. इतकी वर्षं त्याच्याबरोबर एका घरात वाढली आहे ती.

आज सकाळी तो उंबऱ्यावर बसला होता, नाडी बांधत. त्याच रबरी बुटांची.

तुझ्या लोकांना सांग, दिवा तयार ठेवा. आणि हे बघ कोरीन, याला उत्तर तू लिहायचं नाहीस. 'आई म्हणाली' करून दोन पानं पाठवलीस तर तशीच परत येतील. मला लिहायचं नाही, डॉक्टरला कळवायचं नाही. मर्टलने द्यायचं उत्तर, हार्लनला, आणि तेही कागदावर नको. बॅग घेऊन येऊ दे.

ड्रुसिला